नायलॉनचे नग तडकतात आणि रिपोर्ट मात्र 'ओके' येतो, तेव्हा कोणती चाचणी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तुमचं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. ३० टक्के काच भरलेल्या नायलॉन ६ चा ब्रॅकेट तुम्ही काढता. ऑगस्टमधला लॉट पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, बसवताना बोल्ट आवळला की भोकापाशी तडकतोय. मार्चच्या लॉटची एकही तक्रार नव्हती. दाण्याची टीसी, म्हणजे कच्च्या मालासोबत येणारं चाचणीचं प्रमाणपत्र, बरोबर आहे. बाहेरच्या लॅबमधून डीएससी करून घेतली, तिथं वितळण्याचं तापमान २२१ अंश आलं आणि 'नायलॉन ६, ओके' असा रिपोर्ट मिळाला. आता टीजीए (तापवत नेऊन वजन किती घटतं ते बघणं), एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी माल ओळखणं), टेन्साइल (ओढून तोडून बघणं) सगळं एकदम करून घ्यावं का, स्वतःची लॅब टाकावी का, आणि जाता जाता रबर ग्रोमेटची (भोकात बसवायच्या रबरी कड्याची) हार्डनेस पार्टीच्या आकड्याशी का जुळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं प्लास्टिक आणि रबराच्या चाचण्या करतेय, त्यातल्या बऱ्याचशा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मालावर. अशा तक्रारी घेऊन माणसं येतात तेव्हा पिशवीत नग कमी आणि रिपोर्टांचे कागद जास्त असतात. तो प्रत्येक रिपोर्ट बरोबर असतो. पण जे विचारायला हवं होतं ते कुणी त्या मशीनला विचारलेलंच नसतं.

तुमच्या डीएससीचंच घ्या. या चाचणीत पाच ते दहा मिलिग्रॅम तुकडा ॲल्युमिनियमच्या इवल्याशा डबीत घालून मिनिटाला १० अंश या वेगानं तापवतात आणि तो किती उष्णता घेतो ते मोजतात. नायलॉन ६ साधारण २२० ला वितळतो, नायलॉन ६६ साधारण २६० ला, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) १६०–१६५ च्या आसपास, एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) १३० च्या थोडं वर. त्यामुळे माल कोणता आणि त्यात दुसरं काही मिसळलंय का, हे डीएससी फार छान सांगते. दाण्यात भंगारातला पीपी आला असता तर १६० च्या पुढं छोटा उंचवटा दिसला असता. तो दिसला नाही, म्हणजे एक शंका मिटली. पण तुमचा माल नायलॉन ६ आहे यावर वाद कुणाचा होता? नायलॉनच्या रेणूची लांब साखळी तुटून आखूड झाली तरी वितळण्याचा आकडा जवळपास तिथंच राहतो. नग ठिसूळ होईल, हातात मोडेल आणि डीएससी २२१ च दाखवेल.

आता ऑगस्टकडे या. माझा पहिला संशय तिथंच आहे.

नायलॉन आणि आपला गूळ यांचा एक स्वभाव सारखा आहे. दोघंही पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतात. पोतं उघडं राहिलं की गूळ पाझरायला लागतो ते डोळ्यांना दिसतं, दाण्याचं दिसत नाही, एवढाच फरक. काच नसलेला नायलॉन ६ साधारण हवेत, म्हणजे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत, अडीच ते तीन टक्के पाणी धरतो. पाण्यात पूर्ण भिजला तर नऊ टक्क्यांच्या आसपास जातो. काच पाणी पीत नाही, म्हणून तुमच्या मालाला हिशोब उरलेल्या सत्तर टक्क्यांचाच लागतो. आणि बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या मशीनच्या नळीत, जाताना दाण्यात पाणी ०.२ टक्क्यांपेक्षा कमी असावं लागतं. त्याहून जास्त असलं की २५०–२८० अंशांच्या रसात तेच पाणी साखळीचे दुवे तोडतं.

तुमच्याकडे साधा हॉपर ड्रायर असणार असं मी धरून चालतेय. तो बाहेरची हवा ओढतो, ८० अंशांना तापवतो आणि दाण्यातून फिरवतो. मार्चमध्ये हवा कोरडी असते, काम भागतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो आकडा, विसाच्या आसपास असतो. ती हवा कितीही तापवली तरी तिच्यातलं पाणी तिच्यातच राहतं, आणि दाणा एका हद्दीपलीकडे सुकत नाही. डीह्युमिडिफायिंग ड्रायर हवेचा दवबिंदू उणे ३०–४० पर्यंत खाली नेतो, म्हणून तो बाराही महिने सारखं सुकवतो. ऑपरेटरनं चार तास ड्रायर लावला होता हे अगदी खरं असेल. पण मार्चचे चार तास आणि ऑगस्टचे चार तास सारखे नसतात.

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडी थांबते. दाण्यातला ओलावा नुकसान करतो, पण तयार झालेल्या नगातला ओलावा फायद्याचा असतो. मोल्डमधून नुकता निघालेला नायलॉन अगदी कोरडा असतो, त्यामुळे कडक आणि ठिसूळ. पुढं हवेतलं पाणी घेतलं की तो चिवट होतो. कारण कोरड्या नायलॉन ६ चं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली तो काचेसारखा ताठ वागतो ते तापमान, साधारण ५०–६० अंश असतं. ओलाव्यानं ते खोलीच्या तापमानापर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतं. तुमच्या ग्रेडची टेन्साइल ताकद कोरडी असताना १७०–१८५ मेगापास्कल येते, ओलावा घेतल्यावर १००–११५. पण तुटेपर्यंतची लांबण साडेतीन टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. बोल्ट आवळताना भोकाच्या कडेला ही लांबणच उपयोगी पडते.

त्यामुळे ऑगस्टचा लॉट तडकायला दोन वेगळी कारणं असू शकतात. एक, दाणा ओला गेला आणि साखळी तुटली. दुसरं, माल उत्तम आहे, पण मोल्डिंग झाल्या झाल्या नग प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केले आणि दोन दिवसांत पार्टीच्या लाइनवर गेले, म्हणजे ते कोरडेच राहिले. मार्चचा माल कदाचित तीन आठवडे गोदामात उघडा पडून होता. पहिल्यात लॉट भंगारात जातो, दुसऱ्यात वाचतो. आणि हा फरक शोधायला सुरुवातीला कसल्याच महागड्या मशीनची गरज नाही.

मी काय करते ते सांगते. दोन्ही लॉटचे दहा-दहा नग घेते. प्रत्येकाचं वजन मिलिग्रॅमपर्यंत करते आणि नगावर मार्करनं नंबर टाकते. वजन किती यावं याचा अंदाज आधी बांधते: ३० टक्के काचेच्या नायलॉन ६ ला साधारण हवेत दोन टक्क्यांच्या आसपास ओलावा बसतो. मग पाच-पाच नग ओव्हनमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात, ८० अंशांच्या पाण्यात बुडवते. अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या नगाला वजन कसं चढतंय ते दर तासाला एक नग पुसून, तोलून बघते. दोन टक्के चढले की बाहेर काढते, कोरड्या फडक्यानं पुसते आणि सीलबंद पिशवीत एक दिवस तसेच ठेवते. हा दिवस गाळायचा नाही. पाणी आधी कातडीत बसतं, आत झिरपायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी बसवण्याची तीच कृती करायची: तोच बोल्ट, तोच टॉर्क. सोबत न भिजवलेले पाच-पाच नगही त्याच टॉर्कला. ऑगस्टचे भिजवलेले नग मार्चच्या नगांसारखे टिकले, तर तुमचा माल निर्दोष आहे, तो फक्त कोरडा गेला होता. भिजवूनही भोकापाशी तडकले, तर दोष आत आहे आणि मग लॅबचा खर्च करण्यात अर्थ आहे.

तो खर्च करताना पहिली चाचणी सोल्यूशन व्हिस्कॉसिटीची करून घ्या. नायलॉन ९६ टक्के सल्फ्युरिक आम्लात किंवा ९० टक्के फॉर्मिक आम्लात विरघळवतात, काच गाळून वेगळी काढतात आणि द्रावण काचेच्या बारीक नळीतून उतरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. साखळी आखूड असेल तर द्रावण पातळ, वेळ कमी. तुमची शंका नेमकी हीच चाचणी फेडते. फक्त एकच आकडा मागू नका. त्याच लॉटचा शिल्लक दाणा, मार्चचा नग आणि ऑगस्टचा नग, तिन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाकडून करून घ्या. दाण्याचा आणि नगाचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. नग बराच खाली उतरला असेल तर साखळी बॅरलमध्येच तुटलीय. ही आम्लं कातडी जाळतात, त्यामुळे हे काम धूर ओढणाऱ्या कपाटाखाली आणि सवयीच्या हातांनीच व्हावं. कारखान्याच्या कोपऱ्यात हा प्रयोग करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काही जण म्हणतील, एमएफआय (वितळलेला रस किती सहज वाहतो ते मोजणं) स्वस्त आहे, तेच करू. पीपी आणि पीईला (पॉलिथिलीनला) एमएफआय उत्तम: पीपी २३० अंश आणि २.१६ किलो, पीई १९० अंश, दोन मिलिमीटरच्या जरा वरच्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम रस उतरला ते मोजायचं. नायलॉनला मात्र नग आधी कडक सुकवला नाही तर मशीनच्याच नळीत उरलेलं पाणी साखळी तोडतं आणि तुम्ही तुमच्या मोल्डिंगचा नव्हे, त्या पाच मिनिटांचा दोष मोजून येता.

दुसरी चाचणी राखेची. यात मला टीजीएपेक्षा मफल भट्टी (नमुना जाळायची बंद भट्टी) जास्त भावते. टीजीएत दहा-वीस मिलिग्रॅमचा तुकडा असतो, तो काच जास्त असलेल्या जागेतून आला की कमी असलेल्या, हे नशीब. क्रूसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या वाटीत, तीन-चार ग्रॅमचा तुकडा ६०० अंशांच्या जरा वर जाळला की आकडा भरवशाचा येतो. ३० च्या जागी २८ ते ३२ आलं तर काळजी नको. आणि आकड्याइतकीच ती राख डोळ्यांनी बघा. चांगल्या मालाची राख नगाचाच आकार धरून राहते, पांढऱ्या तंतूंचा सांगाडा असतो, चिमट्यानं अलगद उचलता येतो. एकदा एका पार्टीच्या 'काच भरलेल्या' मालाची राख मी भट्टीतून काढली तर क्रूसिबलच्या तळाशी नुसतं पीठ होतं. वजन बरोबर ३० टक्के. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फसफसून आला. काचेऐवजी बरीचशी चुन्याची भुकटी भरलेली होती. आकडा ओके होता आणि माल खोटा होता. मशीनवर काम करणारा पोरगा शेजारी उभा होता, "ताई, हे एकदा भिंगातनं बघा की," म्हणाला, आणि खरोखर भिंगाखाली तंतू शोधावे लागत होते.

तुमच्या राखेतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पसरून त्यांची लांबी मोजा. मोल्ड केलेल्या नगात ते साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर असतात. त्याहून बरेच आखूड दिसले तर रनर-स्प्रूचं, म्हणजे नगासोबत निघणाऱ्या वाया दांड्यांचं, दळण हॉपरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त गेलंय. प्रत्येक दळणात तंतू तुटतो. ऑगस्टमध्ये रिजेक्शन वाढलं असेल तर दळणही वाढलं असेल, आणि ते परत त्याच मालात गेलं असेल. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण शिफ्टच्या वहीत सापडेल.

एफटीआयआर तुमच्या या तक्रारीत फारसा उपयोगाचा नाही. नायलॉन आहे एवढं तो ३३००, १६४० आणि १५४० च्या पट्ट्यांवरून लगेच सांगेल, पण ६ की ६६ हे त्याच्याकडून नीट कळत नाही. हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून घेतलेला आलेख वरचे एक-दोन मायक्रॉनच बघतो, त्यामुळे हाताचं तेल किंवा मोल्ड रिलीज स्प्रेही आलेखात उतरतो. पृष्ठभागावर काही साचलंय, पांढरं फुटलंय, अशा तक्रारीत मात्र तोच पहिला.

टेन्साइलबद्दल एक. दाण्याच्या टीसीवरची १८० मेगापास्कलची ताकद ही दाणे बनवणाऱ्यानं काढलेल्या डंबेलची (मधे बारीक असलेल्या चाचणीच्या पट्टीची) आहे, ज्यात रस एका टोकाकडून सरळ वाहतो आणि सगळे तंतू ओढीच्या दिशेत झोपतात. तुमच्या ब्रॅकेटमध्ये भोकाच्या पिनेभोवती रस दोन वाटांनी फिरून पलीकडे भेटतो. त्या वेल्ड लाइनवर तंतू एकमेकांत शिरत नाहीत, भिंतीसारखे उभे राहतात, म्हणून काच भरलेल्या मालात ती जागा फार कच्ची असते. तुमचे नग नेमके भोकापाशीच तडकतायत. ओला दाणा आणि वेल्ड लाइन एकत्र आल्या असतील, तर एकट्यानं जे नुकसान झालं नसतं ते दोघांनी मिळून केलंय. तडा गेटच्या (मोल्डमध्ये रस शिरतो त्या तोंडाच्या) विरुद्ध बाजूला आहे का ते बघा. सगळ्या नगांत तो त्याच जागी असेल तर मोल्डचं तापमान, इंजेक्शनचा वेग आणि हवा निघायची वाट या तीन गोष्टींवर काम करावं लागेल.

आघात चाचणीचा आकडा कुणी आणून दाखवला तर खाच कशी पाडली होती ते विचारा. खाचेच्या टोकाची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर असावी लागते. सुरुवातीच्या नोकरीत मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथं खाच पाडायची पाती महिनोन्महिने बदलली नव्हती. टोक बोथट झालं, खाच गोलसर पडायला लागली आणि आकडे हळूहळू चढत गेले. सगळे खूश होते, मीही होते. एका पार्टीच्या मालाला मी स्वतः चांगला शेरा लिहिला आणि तो माल पुढं लाइनवर मोडला. त्यानंतर मी दर आठवड्याला एक खाच सूक्ष्मदर्शकाखाली मोजते आणि वर्षभर जपून ठेवलेल्या एकाच लॉटच्या पट्ट्या अधूनमधून मारून बघते. ही सवय मी आजवर सोडलेली नाही.

ग्रोमेटच्या हार्डनेसचं उत्तर सोपं आहे. शोअर ए, म्हणजे रबराची हार्डनेस मोजायच्या मापकाच्या, सुईखाली किमान ६ मिलिमीटर रबर हवं आणि जागा सपाट हवी. ग्रोमेटच्या दोन मिलिमीटरच्या गोल कडेवर सुई टेकवली तर खालचं टेबलच मोजलं जातं. शिवाय तुम्ही टेकवल्याबरोबर वाचता की तीन सेकंदांनी, यानंही काही अंकांचा फरक पडतो. त्याच कंपाउंडची, तेवढीच क्युअर केलेली जाड चकती काढा, दोघांनी त्याच चकतीवर, तेवढेच सेकंद थांबून वाचा, भांडण मिटेल. छोट्या नगावरच मोजायचा पार्टीचा आग्रह असेल तर मायक्रो आयआरएचडी (छोट्या, पातळ नगांसाठीची हार्डनेस चाचणी) मागा. आणि तेलाजवळ बसणारं ग्रोमेट असेल तर हार्डनेसच्या आधी रबर कोणतं ते बघा. एनबीआर खनिज तेलात टिकतो, ईपीडीएम त्यात फुगतो. ब्रेक ऑइलमध्ये नेमकं उलटं. दोन्ही काळे, दोन्ही ६० शोअर. एक रात्र गरम तेलात बुडवून सकाळी वजन केलं की कळतं.

स्वतःच्या लॅबबद्दल माझं स्पष्ट मत आहे: डीएससी-टीजीए घेऊ नका. ती चालवायला रोज नायट्रोजन, इंडियम धातू वितळवून नियमित कॅलिब्रेशन आणि आलेख वाचणारा माणूस लागतो. महिन्याला चार नमुन्यांसाठी ते परवडत नाही. ती कामं शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात, सिपेटच्या (केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेच्या) छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रात किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी लॅबमध्ये करून घेता येतील. मान्यतेचा शिक्का बघताना, तुम्हाला हवी ती चाचणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का, हेही वाचा. तुमच्याकडे मात्र दाण्याचा ओलावा मोजायचं यंत्र हवंच, आणि तेही ऑफिसात नाही, हॉपरशेजारी. सोबत घनता काढायच्या जोडणीसह चांगला तराजू, ओव्हन, छोटी मफल भट्टी आणि एक सूक्ष्मदर्शक. घनतेला कमी लेखू नका. साधा नायलॉन १.१४ आणि ३० टक्के काचेचा १.३६ च्या आसपास, दोन मिनिटांत काच कमी पडल्याचं किंवा आत पोकळी राहिल्याचं कळतं. आणि प्रत्येक लॉटचे दाणे अर्धा किलो आणि नग दहा, तारीख टाकून ॲल्युमिनियमच्या पिशवीत सीलबंद ठेवा. तुमच्याकडे मार्चचे नग शिल्लक नसतील, तर वरची निम्मी तुलना करताच येणार नाही, आणि मला खरी काळजी तीच वाटतेय. नसतील तर पार्टीच्या गोदामात किंवा बसवलेल्या मशीनवर मिळतात का ते आजच विचारा.

तडकलेले नग पाठवताना त्यांना हात कमी लावा. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. कडा घासल्या की तडा कुठून सुरू झाला त्याची खूण पुसली जाते. प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला, वर मोल्डिंगची तारीख, शिफ्ट आणि कॅव्हिटी नंबर (मोल्डच्या कोणत्या पोकळीतून नग निघाला तो क्रमांक) लिहा. तेल लागलं असेल तर पुसू नका. तीन तडकलेले, तीन त्याच लॉटचे न तडकलेले, तीन मार्चचे आणि वाटीभर दाणे, एवढं सुरुवातीला पुरेल.